मॉरिशसला पहिल्यांदा जाताना: बेट दिशांनी वाटून घ्या

मॉरिशसच्या विमानतळावरून बाहेर पडलं की पहिल्या दहा मिनिटांतच ऊस दिसायला लागतो. त्या उसाच्या मधोमध घराच्या उंचीचे काळ्या दगडांचे ढीग रचलेले दिसतात. कुठे चौकोनी पायऱ्यांचे, कुठे नुसत्या लांब भिंतीसारखे. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून, डोक्यावरून वाहून रचलेले हे दगड. त्यांत भारतातून आलेले करारबद्ध मजूर फार मोठ्या संख्येनं होते. गाडी थांबवता आली तर एखादा दगड जवळून बघा. बारीक छिद्रांचा, जड, काळा. राजगडाच्या वाटेवर पायाखाली येतो तसाच.

हे साम्य नुसतं डोळ्यांना वाटणारं नाही. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त केंद्रातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण उसळून वर आला, त्याच केंद्रावर पुढे लक्षद्वीप आणि मालदीवचा पाया घातला गेला आणि त्यानंतर बऱ्याच काळाने मॉरिशस जन्माला आलं. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला, केंद्र मागे राहिलं. आज ते शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: समुद्रासाठी जा, पण निदान दोन दिवस बेटाच्या आत जा. नुसता किनारा बघून परत आलात तर अर्धं मॉरिशस राहून जातं.

आधी महिना ठरवा

हे बेट दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा: उकाडा, दमट हवा, पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ. वादळांची भीती जानेवारी ते मार्च सर्वांत जास्त. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद, पण जून ते ऑगस्ट पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आग्नेयेकडून जोराचे वारे येतात आणि समुद्राचं पाणी आपल्याला चांगलंच गार वाटतं.

आपल्या सुट्ट्यांचा विचार केला तर मे महिना आणि दिवाळीच्या आसपासचे दिवस, दोन्ही उत्तम. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत कोरडा महिना. ऊसतोड साधारण जून ते डिसेंबर चालते. तोडणी झालेली असेल तर रस्त्यावरून डोंगर मोकळे दिसतात, एरवी ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि गाडीतून फक्त हिरव्या भिंती दिसतात.

वादळाच्या काळात जाणं झालंच तर एक लक्षात ठेवा. तिथे चक्रीवादळाचे इशारे एक ते चार अशा पायऱ्यांनी देतात. तिसऱ्या इशाऱ्याला सगळं बंद होतं आणि लोक घरातच थांबतात. हॉटेलवाले सांगतील ते मुकाट्यानं ऐका, समुद्र बघायला बाहेर पडू नका.

कागदपत्रं आणि सामान

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तो उतरल्यावर मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मात्र विचारतात. तेव्हा या तिन्हींच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. निघण्याआधी तिथल्या सरकारचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरायचा असतो, तो घरीच भरून टाका. मुंबईहून थेट विमानाला सहा-साडेसहा तास लागतात. घड्याळ दीड तास मागे करायचं.

ताजी फळं, कढीपत्ता, रोपं, बिया नेऊ नका. बेटावरच्या शेतीला नवी कीड लागू नये म्हणून तपासणी कडक असते. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत तिथले नियम कडक आहेत.

सामानात दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक म्हणजे पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट, त्याबद्दल पुढे सांगते. दुसरी म्हणजे स्वेटर. हो, उष्ण कटिबंधातल्या बेटावर स्वेटर. मध्यभागचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथे जुलैत धुकं आणि पावसाची भुरभुर असताना दात वाजतात. शिवाय प्लगचा अडॅप्टर घ्या, तिथे तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश सॉकेट जास्त दिसतात.

राहण्याची जागा: इथेच बहुतेकांचं चुकतं

बेट नकाशावर लहान दिसतं. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. आम्हीही पहिल्या वेळी असाच विचार केला आणि सातही रात्री उत्तरेला ग्रां बेमध्ये काढल्या. रोज सकाळी राजधानी पोर्ट लुईच्या वाहतूक कोंडीत तास जायचा, दक्षिणेला पोहोचेपर्यंत दुपार आणि ल मॉर्नच्या डोंगराला पाय टाकेपर्यंत ऊन उतरणीला. ज्या टूरवाल्यानं ही आखणी करून दिली, त्यानं नकाशाच नीट पाहिला नव्हता असं आजही वाटतं.

विमानतळ आग्नेयेला आहे, गजबजलेला किनारा उत्तरेला आणि डोंगर, दऱ्या, धबधबे नैऋत्येला. म्हणून सात रात्री असतील तर तीन पश्चिमेला किंवा नैऋत्येला, म्हणजे फ्लिक आँ फ्लाक, तामारें किंवा ल मॉर्नच्या बाजूला काढा. दोन उत्तरेला. शेवटच्या दोन आग्नेयेला, माएबूर किंवा ब्लू बेच्या जवळ, म्हणजे परतीच्या दिवशी विमानतळ हाताशी राहतो. सामान दोनदा आवरावं लागतं, पण दिवसाचे दोन-तीन तास वाचतात. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर दोनच ठिकाणं ठेवा, पश्चिम आणि आग्नेय. हिवाळ्यात पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला असतो, हा आणखी एक फायदा.

फिरायचं कसं

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. भाड्याची गाडी घेणं सगळ्यांत सोयीचं. आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असू द्या. गावांमधले रस्ते अरुंद आहेत आणि कित्येक ठिकाणी डांबराच्या कडेलाच उघडं गटार असतं, तेव्हा समोरून बस आली की कडेला घेताना जपून. वेग मोजणारे कॅमेरे जागोजागी आहेत.

गाडी चालवायची नसेल तर दिवसभराची टॅक्सी ठरवा. भाडं, ठिकाणं आणि परतीची वेळ निघण्याआधीच बोलून घ्या, दुकानांमध्ये थांबायचं नाही हेही सांगून टाका. बस स्वस्त आहेत आणि जवळजवळ सगळीकडे जातात, पण संध्याकाळी लवकर बंद होतात. पोर्ट लुईपासून क्युर्पीप शहरापर्यंत मेट्रो धावते. ती आपल्या लार्सन अँड टुब्रोनं बांधली आहे. राजधानी बघायला गाडी घेऊन जाण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

नैऋत्य: पूर्ण दोन दिवस द्या

पहिला दिवस शामारेल आणि गंगा तलावाचा. सकाळी लवकर निघून आधी शामारेल गाठा. सात रंगांची माती म्हणतात ती इथे आहे: तांबडी, तपकिरी, जांभळी, निळसर छटांच्या उघड्या टेकड्या, एक झुडूपही नाही. लाव्हाचा खडक कुजून त्याची माती झाली. तिच्यातल्या लोहामुळे तांबड्या छटा आल्या आणि ॲल्युमिनियममुळे निळ्या-जांभळ्या. जागा छोटी आहे, मातीवर चालता येत नाही, कुंपणाबाहेरून बघायची. फोटोंमध्ये रंग फार भडक केलेले असतात, ते बघून गेलात तर हिरमोड होईल. सकाळचं ऊन तिरपं असताना बघा, रंगांच्या सीमा तेव्हा ठळक होतात. त्याच आवारात शामारेलचा धबधबा आहे. काळ्या कड्यावरून सरळ खाली कोसळणारी धार, आणि मला विचाराल तर मातीपेक्षा तोच जास्त देखणा.

तिथून डोंगरातला रस्ता ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून वर चढतो. १९९४ साली राखलेलं हे जंगल बेटावरच्या मूळ झाडापेडांचा शेवटचा मोठा आधार आहे. दरीच्या कठड्यावर थांबा आणि पांढऱ्या शेपटीचे पक्षी खाली तरंगताना दिसतात का बघा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत रस्त्याकडेला लोक लालबुंद, बोराएवढे चिनी पेरू तोडताना दिसतील. आंबटगोड असतात. पण ही परदेशी झाडं मूळ जंगलाला गिळत चालली आहेत, असं तिथले वनरक्षक सांगतात.

पुढे गंगा तलाव. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. १९७२ मध्ये यात गंगेचं पाणी मिसळलं आणि त्याला हे नाव मिळालं. प्रवेशापाशी १०८ फूट उंच शंकराची मूर्ती उभी आहे, समोर तेवढीच दुर्गेची. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन चालत येतात. त्या दिवसांत गाडीनं जायचं मनात आणू नका. चालणाऱ्यांबरोबर थोडं चाला, रस्त्याकडेला पाणी आणि खाणं मोफत वाटणारे मांडव असतात. एरवी सकाळी धुकं उतरलेलं असताना घाटाच्या पायरीवर बसलं की खालून मासे वर येतात आणि लांबून घंटा ऐकू येते. माकडं धीट आहेत, प्रसाद पिशवीत ठेवा.

दुसरा दिवस ल मॉर्नचा. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा एकटा कातळ. ऊसमळ्यांमधून पळालेल्या गुलामांनी याच्या कडेकपारीत आसरा घेतला होता. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. तिथे सांगतात, की सुटकेची बातमी द्यायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच आले असं वाटून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारशात आहे. पायथ्याशी स्मारक आहे, तिथे थोडं थांबूनच वर निघा.

वाटेचा पहिला भाग रुंद आणि सोपा, घरातले सगळे जाऊ शकतात. त्यानंतरच्या मोकळ्या जागेवरून खाजणाचे निळे-हिरवे पट्टे दिसतात. तिथून पुढे हात लावून चढायचे खडक सुरू होतात, जिथे क्रूस आहे तिथपर्यंत. सह्याद्रीत फिरणाऱ्याला अवघड नाही, पण सावली अजिबात नाही आणि ओल्या खडकावर पाय ठरत नाही. उजाडता उजाडता सुरुवात करा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, पाऊस पडून गेला असेल तर पहिल्या टप्प्यावरूनच परत फिरा. जाऊन-येऊन तीन-चार तास धरा. फोटोत दिसणारा 'समुद्राखालचा धबधबा' इथलाच, पण तो वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे वाहत गेल्यानं होणारा दृष्टिभ्रम आहे आणि फक्त विमान किंवा हेलिकॉप्टरमधूनच दिसतो. किनाऱ्यावर उभं राहून शोधू नका.

उत्तर आणि राजधानी

पोर्ट लुईला आधी आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाजातून आलेले करारबद्ध मजूर या बंदरात उतरले. पुढे १८४९ पासून याच घाटाच्या जागेवर मजुरांची तळछावणी होती. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक लोक या बेटावर आले. बहुतेक कोलकाता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही हजारो, त्यांत कोकणातली आणि घाटावरची आपली माणसं होती. दगडाच्या १६ पायऱ्या अजून आहेत. रुंद, बुटक्या, कडा गुळगुळीत झालेल्या. बघायला पाच मिनिटं लागतात, पण शेजारचं संग्रहालय पाहून मग पायऱ्यांपाशी या. तिथे एकही शब्द बोलावासा वाटत नाही.

त्या मराठी माणसांचे वंशज आज घरात क्रिओल ही तिथली बोली बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, विसर्जनाच्या मिरवणुकीत जाखडी नाचतात. तुमची तारीख त्या दिवसांत येत असेल तर पश्चिमेच्या कास्कावेल गावाकडे चौकशी करा. पाहुण्याला कुणी परत पाठवत नाही.

बाजार बघा, थंडगार अलुदा प्या. आपला फालुदाच तो, सब्जासकट. नैसर्गिक इतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. मग पाँप्लमूसची बाग. मोठ्या परातींसारखी काठ वळलेली पानं आणि राक्षसी कमळं: फूल पहिल्या दिवशी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग पाण्याखाली जातं. बागेत वाटाड्या घेतलात तर पैसे वसूल होतात, नाहीतर ती नुसती मोठी बाग वाटते. तालिपोत नावाचा ताड तिथे आहे, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. ग्रां बेला संध्याकाळी फेरी मारली की उत्तर आटोपली.

चढायची हौस असेल तर पोर्ट लुईमागचा ल पूस, म्हणजे 'अंगठा', ८१२ मीटर. १८३६ मध्ये डार्विन यावर चढला होता.

समुद्रात उतरण्याआधी

बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. किनाऱ्यावर उभं राहून लांब बघा: लाटा फुटून एक पांढरी रेघ दिसते, ती भिंत. रेघेच्या आतलं पाणी उथळ आणि शांत असतं. ही रेघ जिथे तुटते तिथे पाणी आत-बाहेर जोरात ओढलं जातं, ल मॉर्न आणि पूर्वेच्या इल ओ सेर्फ बेटाच्या बाजूला अशा जागा आहेत. दक्षिणेला ग्री ग्रीपाशी तर भिंतच नाही. थेट महासागर कड्यावर आदळतो. ते बघायला जरूर जा, पाण्यात पाऊल टाकू नका.

रबरी बुटांचं कारण असं, की तळाशी काटेरी गोळ्यांसारखे समुद्री जीव (सी अर्चिन) आणि दगडासारखाच दिसणारा विषारी दगडमासा असतो. पाय पडलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून लगेच दवाखाना गाठा. बुटांनी प्रवाळावर मात्र उभं राहू नका, ते जिवंत आहे. शंख-शिंपले, प्रवाळ उचलून आणणं गुन्हा आहे, भेट म्हणून कुणी दिलं तरी घेऊ नका. डॉल्फिन बघायला तामारेंहून पहाटे बोटी सुटतात. कळपाला बोटींनी घेरणारा नावाडी असेल तर त्याला लांब थांबायला सांगा. मी तर ती फेरी सोडूनच द्या म्हणेन.

किनारे सगळे सार्वजनिक आहेत, मोठ्या हॉटेलच्या समोरचेसुद्धा. रविवारी सुरूच्या झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन येतात. कुठे सेगा, म्हणजे तिथलं लोकसंगीत, वाजत असेल तर जवळ जा. वाजवण्याआधी राव्हान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य जाळावर धरून तापवतात, आपल्याकडे हलगी शेकतात अगदी तसं.

आग्नेय आणि परतीचा दिवस

ब्लू बेच्या सागरी उद्यानात काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं. पोहता येत असेल तर मुखवटा लावून उतराच. जवळच इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरचं बेट. तिथे वन्यजीव संस्थेच्या माणसांबरोबरच जाता येतं, आधी नाव नोंदवा. एबनीचं, म्हणजे आबनुसाचं, जुनं जंगल, मोकळी फिरणारी राक्षसी कासवं आणि गुलाबी पारवा, जो एकेकाळी जंगलात दहाच्या आसपासच उरला होता. २०२० मध्ये पॉइंट एस्नीजवळ जहाज फुटून तेल पसरलं, तेव्हा ते याच किनाऱ्यापर्यंत आलं होतं. लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध केले. दोन तासांची ही फेरी इल ओ सेर्फच्या गर्दीच्या दिवसापेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते. इल ओ सेर्फला जायचंच असेल तर त्रू दो दूस गावातून पहिली बोट धरा आणि गर्दी वाढायच्या आत परत या.

खाण्याची चिंता शाकाहाऱ्यांनीही करू नये. भाजीच्या गाड्यावर कानावर पडेल: मार्गोज म्हणजे कारलं, पिपांगाय म्हणजे दोडका, ब्रिंझेल म्हणजे वांगं. गातो पिमां हा मिरची घातलेला डाळवडा. आणि धॉल पुरी: उकडून वाटलेली डाळ भरलेली, गुळाविना पुरणपोळीच, पण कागदासारखी पातळ. वर घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि तिखट. एक मागितली तरी दोन मिळतात, विकायची रीतच जोडीची. 'एन पेर' म्हणा, तिखट हवं की नको ते सांगा, शेवटी 'मेर्सी'.

परतीचा दिवस सोमवार असेल तर माएबूरचा आठवडे बाजार त्याच दिवशी भरतो. सकाळी तिथे जा, व्हॅनिलाच्या शेंगा आणि साखर घ्या, धॉल पुरीची एक जोडी कागदात गुंडाळून घ्या आणि खाडीकाठच्या बाकावर बसून खा. तिथून विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर आहे.